‘गावगाडा’ आणि घराची राखण : चोर बाहेरचा, तंटा घरचा?

निफाड तालुक्यातल्या एका गावात फिल्डवर्क चालू होतं. (गावाचं नाव देत नाही, कारण पुढे येईलच.) हातात प्रश्नावली, विषय ‘ग्रामीण भागातली घराची सुरक्षितता’. मळ्यातल्या एका वस्तीवर एक आजी भेटल्या. घराच्या कोपऱ्यावर सीसीटीव्ही बसवलेला. प्रश्न क्रमांक ९ होता : ‘तुम्हाला चोरीची भीती कोणाकडून वाटते?’ आजी पटकन म्हणाल्या, “ते पालं टाकून राहत्यात ना, त्यांच्याकडूनच.” मी लिहून घेतलं. चहा झाला. निघताना सहज वर बघितलं, तर कॅमेऱ्याचं तोंड रस्त्याकडे नव्हतंच. ते होतं शेजारच्या ओट्याकडे आणि मधल्या बांधाकडे. विचारलं तर म्हणाल्या, “दादा, चोर काय रोज येतो का? बांध मात्र रोज कोरला जातो.” शेजारचं घर त्यांच्या दिराचं होतं.

माझ्या प्रश्नावलीत या उत्तराला रकानाच नव्हता. तोंडी उत्तर एक, कॅमेऱ्याची दिशा दुसरी, आणि मी नोंदवलं ते फक्त तोंडी उत्तर. रात्री खोलीवर बसून विचार केला, हा रकाना मी का ठेवला नाही? प्रश्नावली तर पूर्वसाहित्य वाचून, गाईडना दाखवून केली होती. मग ध्यानात आलं की गडबड पूर्वसाहित्यातच आहे. म्हणून ही पोस्ट एका जुन्या, मोठ्या पुस्तकावर आहे. मराठीतून गावावर संशोधन करायचं म्हटलं की त्याचं नाव संदर्भसूचीत येतंच : त्रिंबक नारायण आत्रे यांचं ‘गावगाडा’.

पुस्तक काय आहे?

‘गावगाडा’ १९१५ साली प्रसिद्ध झालं. आत्रे महसूल खात्यात नोकरीला होते, त्यामुळे गावोगाव हिंडणं, दप्तर बघणं, लोकांशी बोलणं हे त्यांचं रोजचं काम. तेव्हा आपल्याकडे समाजशास्त्र हा विषय विद्यापीठात नीट रुजलाही नव्हता. अशा काळात या माणसाने वतनदार, कुणबी, कारू-नारू, फिरस्ते, देणंघेणं, सगळं मराठीतून मांडलं. काळी म्हणजे शेतजमीन आणि पांढरी म्हणजे वस्ती, या दोन शब्दांभोवती गाव कसं उभं राहतं हे समजायला आजही हे पुस्तक उपयोगी पडतं.

त्याची खरी ताकद हिशोबात आहे. कुणब्याच्या खळ्यावरून कोण कोण काय काय नेतं, कोणत्या हक्काने नेतं आणि त्या बदल्यात गावाचं नेमकं कोणतं काम करतं, हे आत्रे चिकाटीने सांगतात. गाव म्हणजे गोडीगुलाबीने राहणारं स्वयंपूर्ण कुटुंब, हे चित्र त्यांना मान्य नाही. त्यांच्या लेखी गाडा ओढणारा बैल एकच, कुणबी, आणि बसणारे पुष्कळ. शंभर वर्षांनंतरही अनेक प्रबंधांत ‘ग्रामीण एकोपा’ हा शब्द काहीही न तपासता येतो. त्यामानाने आत्रे कितीतरी जास्त सावध होते. एवढं श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

मग अडचण कुठे येते?

अडचण फिरस्त्यांपाशी येते. गावात येणारे-जाणारे भटके लोक आत्र्यांच्या हिशोबात जवळजवळ सगळे ‘खर्चा’च्या बाजूला पडतात : एक तर मागून खाणारे, नाहीतर चोऱ्या करणारे. कुणबी हा बिचारा, आणि त्याच्या घराला-पिकाला धोका बाहेरून येणाऱ्यांचा. हे निव्वळ एका लेखकाचं मत म्हणून सोडून देता येत नाही. ‘गुन्हेगार जाती’ या नावाचं पुस्तकही आत्र्यांच्याच नावावर आहे. तो काळच तसा होता. ब्रिटिश सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला. १९११ च्या सुधारित कायद्याने त्याची पकड मुंबई इलाख्यापर्यंत आणली. एखाद्या जमातीत जन्मलं की माणूस जन्मतःच संशयित : हजेरी द्या, गाव सोडताना परवानगी घ्या. स्वातंत्र्यानंतर १९५२ साली हा कायदा गेला आणि ३१ ऑगस्ट हा दिवस विमुक्त दिन झाला. कायदा गेला, पण ‘पालं टाकून राहणारे’ हे आजींचं उत्तर काही गेलं नाही.

इथे एक सापळा आहे. ‘गावगाड्या’तली फिरस्त्यांची वर्णनं ‘त्या काळची वस्तुस्थिती’ म्हणून प्रबंधात उतरवली जातात. पण ती वस्तुस्थितीची नोंद नाही. सरकारी अधिकाऱ्याने, कुणब्याच्या ओट्यावर बसून, तिसऱ्याविषयी केलेली ती नोंद आहे. तो तिसरा माणूस काय म्हणाला असता, हे पुस्तकात नाही. म्हणून माझा सरळ सल्ला : ‘गावगाडा’ वाचलंत की लगेच लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ (१९८०) आणि लक्ष्मण गायकवाड यांचं ‘उचल्या’ (१९८७) वाचा. दोन्हींना साहित्य अकादमी पुरस्कार आहे, पण वाचायचं ते पुरस्कारासाठी नव्हे. हीच पांढरी, हीच वेस, फक्त पलीकडून कशी दिसते ते बघण्यासाठी. चोरी झाली की पहिली धाड कोणाच्या पालावर पडते, हे तिथे कळतं.

राखण करणारा आणि संशयित, एकच

आणखी एक गोष्ट. जुन्या व्यवस्थेत गावाची राखण कोण करायचं? जागल्या. कुठे रामोशी, कुठे महार, आणि नाशिक-खानदेशाकडे अनेक ठिकाणी भिल्ल. एल्फिन्स्टनने पेशवाई संपल्यावर १८१९ साली जो अहवाल लिहिला, त्यात ही पद्धत आली आहे. चोरी झाली की जागल्याने चोराचा माग काढायचा. माग दुसऱ्या गावाच्या शिवेत गेला की तो त्या गावच्या जागल्याच्या हवाली करायचा. माग जिथे संपेल त्या गावावर चोरीची भरपाई करण्याची जबाबदारी.

म्हणजे बघा, या पद्धतीत सुरक्षा ही घराची नसून शिवेची होती. ‘चोर आमच्या गावचा नाही’ एवढं सिद्ध केलं की गाव सुटलं. चोर बाहेरचा असण्यात गावाचा रोकडा फायदा होता! आणि ज्या समाजावर राखणीचं काम, त्यातलेच काही पुढे गुन्हेगार जमातींच्या यादीत गेले. रामोशी हे त्याचं ठळक उदाहरण. रात्रभर जागणारा माणूस, आणि चोरी झाली की पहिला संशय त्याच्यावरच. ‘गावगाड्या’त ही विसंगती डोळ्यांसमोर आहे, पण आत्रे तिला प्रश्न विचारत नाहीत. संशोधक म्हणून आपल्याला तो विचारावा लागतो.

दोन कप्पे

आता माझा मुख्य मुद्दा. ‘गावगाडा’ आपल्याला नकळत दोन कप्पे देऊन जातं. बाहेरच्या माणसाने काही केलं तर तो ‘गुन्हा’, आणि आतल्या माणसाने केलं तर तो ‘तंटा’. पहिल्याचा बंदोबस्त करायचा, दुसरा मिटवायचा.

गंमत म्हणजे आजची व्यवस्थाही याच दोन कप्प्यांत चालते. बाहेरच्यासाठी ग्रामसुरक्षा दल आहे, रात्रीची गस्त आहे, सीसीटीव्ही आहे, आणि ‘ग्राम सुरक्षा यंत्रणा’ आहे : एका टोल-फ्री नंबरवर फोन केला की गावातल्या नोंदवलेल्या सगळ्या मोबाइलवर तोच आवाज जातो. चोर आला, बिबट्या दिसला, आग लागली, की सगळं गाव एकदम जागं. आतल्यासाठी वेगळी सोय. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम १५ ऑगस्ट २००७ ला सुरू झाली. तंटा गावातच मिटवायचा, आणि गाव तंटामुक्त ठरलं की लोकसंख्येनुसार बक्षीस. शेतरस्ता किंवा पाणी अडवलं तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाचं कलम ५, म्हणजे तहसीलदाराकडे दावा. बांधावरून नवा रस्ता हवा असेल तर १९६६ च्या जमीन महसूल संहितेचं कलम १४३. आणि २०२३ पासून ‘सलोखा योजना’ : जमीन एकाच्या नावावर, कसतोय दुसरा, आणि त्याची याच्या ताब्यात, असं निदान १२ वर्षं चालू असेल तर नाममात्र १००० रुपये मुद्रांक शुल्क आणि १००० रुपये नोंदणी फी भरून अदलाबदल कायदेशीर करता येते.

आपण संशोधकही काय करतो? ‘सुरक्षा’ विषय घेतला की पहिल्या कप्प्यातली कागदपत्रं वाचतो. ‘तंटा’ विषय घेतला की दुसऱ्या. दोन प्रबंध, दोन डिपार्टमेंट. पण मळ्यात राहणाऱ्या माणसाचं घर एकच असतं.

निफाड-दिंडोरी पट्ट्यात बघा. लोक गावठाणातून मळ्यात राहायला गेलेत. घराला घर लागून नाही. मधे द्राक्षबाग, उसाचं वावर, शेततळं. शेतीची लाइट रात्रीची आली की मोटर चालू करायला अंधारात जायचं, आणि उसात बिबट्याची भीती. मोटर, केबल, स्टार्टर, ठिबकच्या नळ्या, सगळं उघड्यावर. भाव वाढले की चाळीतल्या कांद्याचीही राखण आली. अशा ठिकाणी रात्री हाक मारली तर धावून येणारा एकच : शेजारच्या मळ्यातला. तो बहुतेक वेळा भाऊबंद असतो. आणि बांध, वाट, विहिरीची पाळी यांवरून ज्याच्याशी बोलणं बंद असतं, तोही बहुतेक वेळा तोच असतो!

म्हणून म्हणतो, भाऊबंदाशी तंटा हा सुरक्षेहून वेगळा विषय नाहीच. बोलणं बंद आहे म्हणून हाक मारता येत नाही. हाक मारता येत नाही म्हणून कॅमेरा. आणि कॅमेऱ्याचं तोंड त्याच्याकडे म्हणून बोलणं आणखी बंद. आजींच्या घरावरचा कॅमेरा हे ‘सुरक्षेचं साधन’ आहे की ‘तंट्याचा पुरावा’? दोन्ही आहे. तोंडी उत्तर मात्र ‘पालं टाकून राहणारे’ हेच आलं, कारण दिराचं नाव परक्या पोराला सांगणं म्हणजे घराची अब्रू वेशीवर टांगणं. फिरस्त्यावर बोट ठेवायला काहीच खर्च येत नाही. चोर बाहेरचा असण्यातला तो जुना फायदा अजून चालूच आहे.

‘गाव जमा होतं का?’ हा प्रश्न पुरेसा नाही

प्रश्नावली करताना मी एका प्रसिद्ध मोजपट्टीचाही आधार घेतला होता. रॉबर्ट सॅम्पसन आणि सहकाऱ्यांचा १९९७ चा शिकागोवरचा अभ्यास तुमच्यापैकी पुष्कळांनी वाचला असेल. ३४३ वस्त्या, ८,७८२ रहिवासी, आणि संकल्पना ‘सामूहिक परिणामकारकता’. सोप्या भाषेत : शेजाऱ्यांचा एकमेकांवर विश्वास आहे का, आणि काही वावगं दिसलं तर ते मधे पडतील का? पोरं शाळा बुडवून कोपऱ्यावर उभी आहेत, घरासमोर मारामारी चाललीय, तर शेजारी काही करतील का, अशा स्वरूपाचे प्रश्न. जिथे असा विश्वास आणि मधे पडण्याची तयारी जास्त, तिथे हिंसा कमी, असा निष्कर्ष. अभ्यास भक्कम आहे, वाद नाही.

पण ही मोजपट्टी जशीच्या तशी उचलून आपल्या गावाला लावली तर काय होतं? १ जुलै २०१८, रविवार. नाशिकच्या बागलाण तालुक्याला लागून धुळ्याचा साक्री तालुका. तिथल्या राईनपाड्यात बाजाराचा दिवस होता. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवा त्या दिवसांत व्हॉट्सॲपवर फिरत होत्या. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे आले होते. भिक्षा मागून पोट भरणारी, सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडची माणसं. जमावाने त्यांना मारहाण केली, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि तिथेच ठार मारलं. त्याच रात्री आपल्या मालेगावात अशाच संशयावरून जमावाने पाच जणांच्या एका कुटुंबाला घेरलं होतं. त्यात दोन वर्षांचं मूल होतं. पोलीस मधे पडले म्हणून ते वाचले.

आता त्या मोजपट्टीतला एकच प्रश्न घ्या : ‘काही संशयास्पद दिसलं तर लोक एकत्र येऊन काही करतील का?’ राईनपाड्याचं उत्तर ‘हो’. पैकीच्या पैकी गुण! दोष सॅम्पसन यांचा नाही. त्यांनी काय वावगं ते ठरवून, एकेक प्रसंग सांगून विचारलं होतं. दोष माझ्यासारख्यांचा, ज्यांनी प्रसंग गाळून ‘काही संशयास्पद’ असा मोघम शब्द टाकला. ‘संशयास्पद’ म्हणजे कोण, हे आपल्याकडे शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच ठरवून ठेवलंय. राईनपाड्याला आलेले लोक भटके होते, आणि अफवेला चेहरा मिळायला तेवढं पुरलं. अफवा नवी, मोबाइल नवा, कप्पा जुनाच.

या घटनेमागे ‘गावगाडा’ आहे असं मी म्हणत नाही. तसं म्हणणं उथळ होईल. शिवाय नाशिक-धुळ्याचा आदिवासी पट्टा, पेठ, सुरगाणा, साक्रीचा पश्चिम भाग, हा आत्र्यांच्या बलुतेदारी गावासारखा नाहीच. तिथे पाडे आहेत, रचना वेगळी आहे. (हाही धडा घ्या : ‘नाशिकचा ग्रामीण भाग’ असं सरसकट लिहू नका. निफाड आणि सुरगाणा एका वाक्यात बसत नाहीत.) माझं म्हणणं एवढंच, की बाहेरच्याला आधीच चोर मानणारी नजर ही ज्ञान म्हणून छापली गेली, शिकवली गेली, आणि आजही आपण ती ‘पूर्वसाहित्य’ म्हणून पुढे सरकवतो.

मग मी काय बदललं?

गाईडशी बोललो. त्यांनी एकच विचारलं, “हा तक्ता असाच छापलास तर उद्या कोण वापरेल?” ‘ग्रामस्थांना फिरस्त्यांपासून धोका वाटतो’ अशी छापील ओळ. ती वापरणारे भरपूर निघतील. तेव्हापासून हे बदल केले. तुम्हाला सिनॉप्सिस लिहिताना उपयोगी पडतील :

१. ‘कोणाची भीती वाटते?’ आणि ‘गेल्या वर्षभरात प्रत्यक्ष काय झालं?’ हे दोन प्रश्न वेगळे ठेवले. पहिल्याचं उत्तर समज सांगतं, दुसऱ्याचं घटना. दोन्ही एकाच तक्त्यात मिसळायचं नाही.

२. वस्तूंना विचारायला लागलो. कॅमेरा कुठे बघतो, कुत्रं कोणत्या बाजूला बांधलंय, तारेचं कंपाउंड कोणत्या बांधाला आधी घातलं, रात्रीचा फोकस कुठे पडतो. माणूस जे बोलत नाही ते कंपाउंड सांगतं. पण याची गावाच्या नावासकट नोंद छापायची नाही. कोणत्या घराला राखण नाही हे जाहीर करणं आपलं काम नव्हे, आणि कोणाचा कॅमेरा कोणाकडे हे छापून नवा तंटा लावणं तर नाहीच. सुरुवातीला गावाचं नाव दिलं नाही ते यासाठी.

३. ‘तंटे मिटले’ हा सरकारी आकडा जपून वापरायचा. बक्षीस असलेल्या मोहिमेत मिटलेला तंटा आणि दाबलेला तंटा कागदावर सारखेच दिसतात. त्यातला कमकुवत पक्ष कोण होता, त्याला जाऊन विचारायचं. बऱ्याचदा ती विधवा भावजय असते, किंवा बाहेरगावी राहणारा भाऊ.

४. पालावर जायचं. ज्यांच्याविषयी सगळं गाव बोलतं, त्यांचीच मुलाखत नमुन्यात नसेल तर तो नमुना अपुरा आहे. मी गेलो. पहिलाच प्रश्न मला उलटा आला : “साहेब, तुम्ही पोलिसांचे का?” दुसऱ्या दिवशी वही न घेता गेलो, तेव्हा कळलं की ‘घराची सुरक्षितता’ हा विषय त्यांनाही आहे. दार नसलेल्या घराची सुरक्षितता. रात्री कोण येईल याची भीती तिथेही होती, आणि येणारा गावातूनच येणार होता.

शेवटी

‘गावगाडा’ वाचू नका असं मी अजिबात म्हणत नाही. जरूर वाचा. पेटच्या तयारीसाठी नुसतं ‘१९१५, त्रिं. ना. आत्रे’ एवढं पाठ करून सोडू नका, पूर्ण वाचा. त्यातला हिशोब घ्या, शब्द घ्या, बारकाईने बघण्याची सवय घ्या. फक्त वाचताना दर पानाला विचारा : हे कोणाच्या ओट्यावर बसून लिहिलंय? आणि स्वतःच्या प्रश्नावलीलाही तेच विचारा, कारण फिल्डला गेल्यावर आपल्यालाही कोणीतरी ओट्यावर बसवून चहा देतंच.

आजींकडे परत गेलो होतो. प्रश्न ९ बदलला होता : ‘रात्री काही झालं तर हाक कोणाला मारता?’ आजी बराच वेळ गप्प होत्या. मग मान न वळवता शेजारच्या घराकडे हात केला. “मारावी तर त्यालाच लागंल ना.” वहीत लिहिलं. या खेपेला रकाना होता.